हिमवाटा (भाग ६) : खणणार कोण?

"काका, प्रोब म्हणजे ॲल्युमिनियमची नळीच की. उद्यमनगरात करून घेऊया, निम्म्यात हुतंय." गुलमर्गच्या स्की कोर्सला निघालेल्या, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका पोराचं हे म्हणणं. इथल्याच कस्तुरी सावेकरनं २०२२ मध्ये अन्नपूर्णा आणि एव्हरेस्ट ही दोन्ही शिखरं गाठल्यापासून असे प्रश्न माझ्याकडं जरा जास्तच यायला लागलेत. उद्यमनगरातले कारागीर काय वाट्टेल ते घडवतात, त्याबद्दल वाद नाही. पण हिमस्खलनात गाडलेल्याला बर्फात टोचून शोधायच्या या प्रोबमधली खरी करामत नळीत नसून आतून ओवलेल्या तारेत आहे. पिशवीतून काढून हवेत फेकायचा, तार ओढायची, की घडीचे सहा-सात तुकडे एका झटक्यात ताठ सळई व्हायला हवेत. सांध्यात बर्फ शिरून एक तुकडा अडकला तरी वेळ गेला. आणि वेळ मोजकाच असतो.

किती मोजका? स्वित्झर्लंडमधल्या १९८१ ते २०२० या काळातल्या हिमस्खलनाच्या अपघातांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त माणसं जगली. अर्ध्या तासावर गेलं की दहातली जेमतेम तीन. बर्फाखाली माणूस बहुतेक वेळा गुदमरून जातो, थंडीचा नंबर नंतर लागतो.

इथं कुणीतरी हमखास लान्सनायक हणमंतप्पांचं नाव काढतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या साताऱ्याकडच्या माण तालुक्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशीही होते. सहाव्या दिवशी पंचवीस-तीस फुटांखालून हणमंतप्पा जिवंत निघाले. धारवाडकडचा हा गडी पुढं तीन दिवसांत दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात दगावला. ते तंबूत होते आणि भोवती हवेची पोकळी राहिली होती, म्हणून इतके दिवस तग धरला. उघड्या उतारावरच्या स्कीवाल्याला तंबू नसतो. त्यानं त्या सहा दिवसांच्या भरवशावर राहू नये.

गुलमर्गचा गंडोला हा रोपवे तुम्हाला अफरवट डोंगराच्या अंगावर, जवळजवळ तेरा हजार फुटांवर नेऊन सोडतो. राखलेला उतार सोडून डावी-उजवीकडं वळलात की पुढचा बर्फ कुणी तपासलेला नसतो. १ फेब्रुवारी २०२३ ला तिथं हिमस्खलनात पोलंडचे दोघे दगावले, २२ फेब्रुवारी २०२४ ला रशियाचा एक. खालून मदत निघून वर पोचेपर्यंत ती दहा मिनिटं कधीच संपलेली असतात. उरतात ते शेजारी उभे असलेले सोबती. म्हणून माझं सांगणं असं, की ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडं ही खरेदी एकट्यानं करायचीच नाही. तुमच्या पाठीवरचं फावडं सोबत्यासाठी आणि त्याच्या पाठीवरचं तुमच्यासाठी. चौघांत एकाकडंच महागडा संच असेल आणि तोच गाडला गेला, तर खणणार कोण?

ट्रान्सीव्हरपासून सुरुवात करू. हे यंत्र सतत ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडतं. कुणी गाडला गेला की बाकीच्यांनी आपापली यंत्रं शोधाच्या बाजूला फिरवायची. कंपनी कुठलीही असो, लहरी एकच, त्यामुळं मामुट आणि ऑर्टोव्हॉक्स एकमेकांना ऐकतात. तीन अँटेनांचं डिजिटल यंत्रच घ्या. कुणा मामाकडं पडून असलेलं जुनं ॲनालॉग यंत्र फुकट मिळालं तरी नको. सेल अल्कलाइन घाला, चार्जिंगचे नकोत. बॅटरीचा आकडा अल्कलाइन गृहीत धरून दाखवला जातो आणि चार्जिंगचे सेल शेवटी एकदम मान टाकतात. यंत्र पट्ट्यानं अंगाला बांधायचं, पिशवीत ठेवायचं नाही. मोबाइल यंत्रापासून वीस सेंटिमीटर लांब ठेवायचा, आणि शोधताना निदान पन्नास. तरुण मंडळींना यातलं हेच सगळ्यात जड जातं.

ट्रान्सीव्हर जवळ नेतो, नेमकी जागा दाखवतो प्रोब. २४० सेंटिमीटर ही किमान लांबी. गुलमर्गसारख्या भुसभुशीत, खोल बर्फात मी तीन मीटरचा घेईन. सापडलं की प्रोब उपसायचा नाही. तो तसाच ठेवून उताराच्या खालच्या अंगानं खणायचं.

फावड्यात मात्र कंजूषपणा कराल तर पस्तावाल. कोसळून थांबलेला बर्फ क्षणात घट्ट होतो, प्लॅस्टिकचं पातं त्यावर वाकतं किंवा तडकतं. मीटरभर खोल गेलेल्या माणसापर्यंत पोचायला टनभर बर्फ हलवावा लागतो. पातं धातूचं, दांडा लांब होणारा, मूठ हातमोज्यात मावणारी. दुकानातच हातमोजे घालून जोडून बघा. दुकानदार हसला तर हसू दे.

एअरबॅगचं आकर्षण पोरांना फार. तत्त्व सोपं आहे: भडंगाचा डबा हलवला की मसाला तळाशी जातो आणि चुरमुरे वर येतात, तसा फुग्यानं मोठा झालेला माणूस बर्फाच्या लोंढ्यात वर राहतो. २०१४ च्या एका अभ्यासात लोंढ्यात गंभीरपणे सापडलेल्यांचं मृत्यूचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ११ वर आलेलं दिसलं. पण त्याच अभ्यासात पाचांतला एक फुगा फुगलाच नव्हता, बहुतेकदा दोरी ओढायचीच राहिल्यामुळं. शिवाय झाडावर किंवा दगडावर आपटलात तर फुगा काही करत नाही. गॅसच्या नळकांड्याला विमान कंपनीची आधी परवानगी लागते, तो ताप वेगळाच. पैसे उरले तर घ्या. तिन्ही वस्तू चौघांकडंही झाल्यावर.

कोल्हापुरात बर्फ नाही, ही सबब सरावाला चालत नाही. ट्रान्सीव्हर चालू करून डब्यात, डबा पोत्यात, आणि पोतं ऊस तुटलेल्या रानात पाचटाखाली कुठंतरी. लपवणाऱ्यानं सांगायचं नाही, बाकीच्यांनी घड्याळ लावून शोधायचं. पहिल्या दिवशी सगळे एकाच वेळी ओरडतात आणि यंत्राचा आवाज कुणालाच ऐकू येत नाही. दुसऱ्या खेपेला एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. शेवटच्या तीन मीटरांत यंत्र जमिनीलगत धरून सावकाश सरकवायचं. तिथं घाई करणारा हमखास पुढं निघून जातो आणि मागं फिरतो. पाच मिनिटांच्या आत पोतं हाताला लागेपर्यंत श्रीनगरची तिकिटं काढू नका.

पुढच्या आठवड्यात : डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलनाचं पत्रक आणि धोक्याच्या पाच पायऱ्या.