मागची गाडीही शर्यतीतच असते 🚴

निपाणी सोडली की लगेच तवंदीचा घाट. पुण्याहून बेळगावकडे निघालेल्या सायकलस्वाराचे पाय इथं बोलायला लागतात आणि मागून येणाऱ्या मदतीच्या गाडीतल्या, कॅम्परमधल्या मंडळींचं काम वाढतं.

मोठ्या शर्यतींतही अशी गाडी असते. अमेरिकेतल्या सुमारे ४,८०० किलोमीटरच्या 'रॅम' सायकल शर्यतीत रात्री स्वारामागं गाडी लागतेच; तिच्याच उजेडात तो चालवतो. २०१५ साली नाशिकच्या महाजन बंधूंनी ती जोडीनं पुरी केली, २०१७ साली नागपूरच्या अमित समर्थांनी एकट्यानं.

आपल्या या वाटेवरही गाडीत उकडलेले बटाटे, मीठ, दहीभात, जादा ट्यूब हाताशी ठेवा. झोप पाळीपाळीनं, स्वारापेक्षा चालक पेंगण्याचीच मला जास्त धास्ती. संकेश्वर, हत्तरगी, वंटमुरीचा घाट, मग बेळगाव. तिथली मिठाई, कुंदा घ्या, पण स्वाराला दाखवू नका!