संगणक अद्ययावत झाला नाही, नोंद मात्र मागे गेली



या अंकात आम्ही खोडव्याच्या व्यवस्थापनावर लिहिणार होतो. परंतु पळसदेव गटात फिरताना जो तो एकच विचारतो, “साहेब, यंदा पण काँप्युटर बसणार का?” तेव्हा खोडवा पुढच्या अंकात. आधी या प्रश्नाचे उत्तर देणे आमच्यावर आले आहे, कारण जे घडले त्यात आमच्या खात्याचाही दोष होता.

गोष्ट २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यातली. त्या हंगामात १ नोव्हेंबरपासून गाळपास परवानगी होती आणि तोडणी कार्यक्रमाच्या याद्या काढण्याचे काम गट कार्यालयात चालू होते. एके दिवशी दिवेलागणीला संगणकाच्या पडद्यावर सूचना आली की, नवे अपडेट तयार आहे, बसवू का? आमच्या लिपिकाने ‘हो’ म्हटले आणि तो घरी गेला. त्याचे काय चुकले? आम्ही असतो तर आम्हीही तेच केले असते. रात्री लाईट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली होती, हे उन्हाळ्यापासून सर्वांना माहीत होते आणि प्रत्येकाला वाटत होते की दुसरा कोणी ती बदलेल.

सकाळी येऊन पाहतो तो पडद्यावर नुसते चक्र फिरते आहे. तासाभराने अक्षरे उमटली: बदल पूर्ण करता आले नाहीत, ते मागे घेत आहोत, संगणक बंद करू नका. बरं, नाही करत. तो आपोआप बंद झाला, चालू झाला, पुन्हा तेच अपडेट बसवू लागला, पुन्हा तिथेच अडला आणि पुन्हा मागे फिरला. चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरचे चाक जसे जागच्या जागी फिरते, तशी गत. तीन दिवस हा खेळ चालला. बाहेर सभासदांच्या मोटारसायकली वाढत होत्या आणि आम्ही आत त्या चक्राकडे बघत बसलो होतो.

चौथ्या दिवशी बारामतीहून संगणक दुरुस्त करणारा मुलगा आला. त्याने पाहून सांगितले की, डिस्क काठोकाठ भरली आहे, नव्या अपडेटला पाय ठेवायलाही जागा नाही. त्यातच मध्ये वीज गेल्याने मूळ फायली अर्धवट लिहिल्या गेल्या. डिस्क कशाने भरली होती? निम्मे कागदपत्रांचे फोटो, आणि निम्मे कोणाच्या तरी हळदीचे व्हिडिओ. ते कोणाचे, हे आम्ही इथे लिहीत नाही; ज्याचे आहेत त्याला माहीत आहे. शेवटी सगळी यंत्रणा नव्याने टाकावी लागली आणि आमचा ऊस नोंदीचा साठा पेनड्राइव्हवरच्या जुन्या प्रतीतून परत भरावा लागला. ती प्रत श्रावणातली होती!

इथे खरी अडचण सुरू झाली. श्रावणानंतर दीड-दोन महिन्यांत भरलेल्या नव्या आडसाली लागणीच्या नोंदी गेल्या, हे सर्वांच्या लक्षात आले. त्या चिटबॉयच्या वह्यांत होत्या. चौघांनी दोन रात्री बसून पुन्हा भरल्या. परंतु ज्या जुन्या नोंदी दरम्यान दुरुस्त केल्या होत्या, त्यांचे काय? त्या गेल्या नव्हत्या, नुसत्या मागे गेल्या होत्या. चुकीची नोंद पुन्हा जिवंत झाली होती, आणि पडद्यावर ती खऱ्या नोंदीइतकीच स्वच्छ दिसत होती.

आम्हांला हे एका आबांमुळे कळले. त्यांची आडसाली लागण २० जुलै २०२२ ची. पहिल्यांदा नोंद घेताना महिन्याच्या जागी ऑगस्ट पडला होता. सप्टेंबरात त्यांनी हेलपाटे घालून ती दुरुस्त करून घेतली. यादी लागल्यावर पाहतात तो पुन्हा ऑगस्ट! ते कार्यालयात आले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, “सायब, म्या एकदा दुरुस्त केलेली तारीख रातीत कशी काय फिरली? कुनाचा हात लागला म्हनायचा?”

त्यांचा संशय रास्त होता. यादीत खाली-वर झाले की माणसाच्या मनात पहिल्यांदा तेच येते, आणि हंगामात त्यावरून भाऊबंदकी होते. आम्ही अपडेट, डिस्क, प्रत असे काहीबाही सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतले आणि मग खिशातून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली दुरुस्तीची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. तीवर सही आमचीच होती.

महिन्याचा फरक म्हणजे काय, हे सभासदांना सांगायला नको. आडसाली ऊस पंधरा-सोळा महिन्यांत तयार होतो. तुरा आलेला ऊस दोन महिन्यांच्या आत तुटला नाही तर दशी पडते, वजन घटते, उतारा उतरतो. एका आकड्याच्या चुकीने वर्ष-सव्वा वर्षाच्या कष्टाला कात्री लागते. आम्ही त्या दिवशी यादी मागे घेतली आणि दुरुस्तीची प्रत्येक नोंद वहीशी ताडून पाहिली. आणखी काही सापडल्या. किती, ते सूचना फलकावर तेव्हा लावले होते.

आता काही तरुण सभासद म्हणतात, ही अपडेटची भानगड बंदच करून टाका. आम्हांलाही चार दिवस तसेच वाटत होते. परंतु संगणकाची मूळ कार्यप्रणाली ही कालव्यासारखी असते. ऊस नोंदीचा प्रोग्रॅम, काट्याचा प्रोग्रॅम, प्रिंटर, ही सगळी पिके तिच्या पाण्यावर. कालव्याला भगदाड पडले तर बुजवावेच लागते. २०१७ च्या मार्च महिन्यात मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक भगदाड बुजवणारी दुरुस्ती काढली होती. ज्यांनी ती बसवली नाही, अशा जगभरच्या असंख्य संगणकांत मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस शिरला. जून महिन्यात नॉटपेट्या आला आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज त्याने कोलमडले. कंटेनर हाताने नोंदवण्याची वेळ आली. गंमत अशी, की हा नॉटपेट्या पसरला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या अपडेटमधूनच. म्हणजे अपडेट न केल्याने घात, आणि अपडेटमधूनही घात. शेतकऱ्याने कोणाकडे बघायचे?

मोठमोठ्यांचेही हेच हाल होतात, याने थोडे बरे वाटते. १९ जुलै २०२४ ला शुक्रवारी सकाळी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक प्रोग्रॅमची एक सदोष फाईल विंडोजच्या संगणकांवर गेली. कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख संगणक निळे पडून बसले होते. हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्याच वर्षी जानेवारीत विंडोज १० ची एक सुरक्षा-दुरुस्ती कित्येक संगणकांवर बसेनाच; कारण डिस्कवर दुरुस्तीसाठी राखलेल्या लहानशा कप्प्यात २५० एमबी जागा मोकळी लागत होती आणि ती नव्हती. पडद्यावर नुसता एक लांबलचक आकडा दिसे. जागा कमी आहे, असे सरळ शब्दांत लिहायला काय हरकत होती, ते आम्हांला अजून उमगलेले नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला त्या विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला. पुढची विंडोज ११ जुन्या यंत्रांवर सहसा चढत नाही. तिला ठरावीक पिढीचा प्रोसेसर आणि सुरक्षेची वेगळी चिप लागते. बेणे उत्तम आहे, पण त्याला जमीनही तशी पाहिजे. मोबाइलचेही तेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी मोबाइलवर आली, तेव्हापासून सभासद आमच्याकडे फोन घेऊन येतात: “ॲप नवं घ्या म्हणतंय, आन् फोन घेईना.” बहुतेक वेळा फोन गच्च भरलेला असतो. कधी फोनमधील अँड्रॉइडच इतके जुने असते की, नवे ॲप त्यावर उतरत नाही. पहिल्या दुखण्यावर फोटो पुसणे हे औषध आहे. दुसऱ्यावर नाही.

आम्ही काय बदलले ते सांगतो. नीरा डाव्या कालव्याची मोठी दुरुस्ती कोणी भर आवर्तनात काढत नाही. तसेच मोठे अपडेट आता गाळप संपून हिशेब मिटल्यावर, पावसाळ्याच्या तोंडावर घेतो. सुरक्षेच्या लहान दुरुस्त्या मात्र हंगामातही थांबवत नाही. त्या आधी एकाच संगणकावर बसवतो आणि आठवडाभर पाहतो. पाडेगावच्या संशोधन केंद्रात नवे वाण आधी चाचणीच्या प्लॉटवर घेतात, एकदम सगळ्या शिवारात नाही. त्यातलाच हा प्रकार. नोंदीची प्रत रोज संध्याकाळी दोन ठिकाणी निघते आणि शनिवारी ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली जाते. उघडून न पाहिलेली प्रत असली काय, नसली काय! इन्व्हर्टरची बॅटरी बदलली. आणि चिटबॉयची वही बंद केलेली नाही. वही कशाला, म्हणून आम्हांला हसणारे काही जण आहेत. हसू द्यात.

कागद सांभाळणे पळसदेवकरांना शिकवावे, असा आमचा अधिकार नाही. उजनीच्या पाण्यात जुने गाव गेले, पळसनाथाचे देऊळ अजून धरण आटले की उन्हाळ्यात वर येते. उठून आलेल्या घरांतून पुनर्वसनाचे कागद पत्र्याच्या पेटीत घालून ठेवलेली म्हातारी माणसे आम्ही पाहिली आहेत. ते आबा त्यांपैकीच. त्यांच्या नातवाने त्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढला, तेव्हा आबांनी विचारले, “आन् त्यो फोन बसला मंजी?”

तरी सर्व सभासदांस विनंती की, लागण नोंदीची व दुरुस्तीची चिठ्ठी मागून घ्यावी आणि गट कार्यालयातील फलकावरील कच्च्या यादीशी ताडून पाहावी. तारीख, गट नंबर, क्षेत्र आणि ऊसजात, चारही पाहावे. फरक दिसल्यास चिठ्ठी घेऊन थेट आमच्याकडे यावे. दुसऱ्याकरवी निरोप नको. आबांचा ऊस त्या हंगामात वेळेवर तुटला. दुरुस्तीनंतर आमचा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मात्र नव्या यंत्रणेशी पंधरा दिवस बोलला नाही, म्हणून त्या काळात सर्वांना चिठ्ठ्या हातानेच लिहून दिल्या होत्या. त्या ज्यांच्याकडे असतील त्या ग्राह्य आहेत.