एकोणिसाव्या पडद्याचे कोडे

वार्षिक संचलनाच्या दिवशी मैदानाभोवती सगळ्या पालकांना जागा पुरत नाही. म्हणून सभागृह, भोजनगृह, प्रत्येक हाउस आणि आजारी कॅडेट्सची खोली, अशा २४ ठिकाणी पडदे लावून संचलन थेट दाखवले जाते. दोन दिवस रेल्वेने प्रवास करून आलेल्या आईला आपला मुलगा सलामी देताना एकदाच दिसणार असतो. नेमक्या त्या क्षणी पडद्यावर चक्र फिरत राहिले, तर तो क्षण परत येत नाही. या कामाच्या तांत्रिक तुकडीत मी दोन वर्षे आहे. चित्र का अडखळते आणि अडसर कसा शोधायचा, हे ज्युनियर कॅडेट्ससाठी लिहून ठेवतो आहे.

पहिले काम म्हणजे हिशेब. आपले चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट लागतात. सर्व्हर प्रत्येक पडद्याला स्वतंत्र प्रत पाठवतो, म्हणून २४ पडद्यांना १२० मेगाबिट. येथे बिट आणि बाइट यांत गल्लत करू नये. ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणून १०० मेगाबिटच्या वाटेवरून सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट जातात.

दुसरी गोष्ट, ताफ्याचा वेग सर्वात मंद गाडीइतकाच असतो. सर्व्हर, केबल, स्विच, वाय-फाय, पडद्यामागचा संगणक या साखळीतली एकच कडी चिंचोळी असली की पुरे. बाकीच्या कितीही दणकट असोत, उपयोग नाही. म्हणून सगळे एकदम बदलायचे नाही. एका वेळी एकच कडी तपासायची.

या वर्षीच्या रंगीत तालमीत अठरा पडद्यांपर्यंत सगळे सुरळीत होते. एकोणिसावा लावला की काही मिनिटांत कुठे ना कुठे चक्र फिरू लागे आणि विसाव्याला सगळेच अडखळत. काहींना हाउसमधल्या संगणकांचा संशय आला. पण बिघाड एकाच हाउसमध्ये असता, तर तेवढेच पडदे थांबले असते. सगळीकडे एकदम त्रास होतो, म्हणजे अडसर सगळ्यांच्या सामायिक वाटेवर असणार.

मग सर्व्हर पाहिला. तो चित्र एकदाच तयार करतो आणि पुढे फक्त प्रती वाटतो, त्यामुळे त्याच्या प्रोसेसरवर फारसा भार नव्हता. त्यानेच साठवलेले चित्रण त्याच्यावर स्वच्छ दिसत होते. सर्व्हर निर्दोष ठरला.

राहिली सर्व्हरपासून मुख्य स्विचपर्यंतची केबल. मुख्य स्विचला दुसरा संगणक जोडून आयपर्फ या मोफत साधनाने वेग मोजला. उत्तर आले ९४ मेगाबिट. हा आकडा बोलका आहे. १०० मेगाबिटच्या जोडणीवर पत्ते वगैरेंचा खर्च वजा जाता साधारण एवढेच हाती लागते; गिगाबिट जोडणीवर ९४० च्या आसपास मिळायला हवे होते. आता कोडे सुटले. अठरा पंचे नव्वद, ते मावले. एकोणीस पंचे पंचाण्णव, ते सांडले.

सर्व्हर आणि स्विच दोन्ही गिगाबिटचे असताना असे का व्हावे? केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. आमच्या केबलच्या टोकाशी एक तपकिरी तार नीट बसलेली नव्हती. अशा वेळी अनेक उपकरणे निमूटपणे १०० वर उतरतात. दिवा लागलेला असतो, जोडणी चालू असते, तक्रार कोणीच करत नाही. नवे टोक बसवून पुन्हा मोजले आणि मगच चोविसही पडदे एकत्र लावले. सगळे न थांबता चालले.

प्रत्येकाला वेगळी प्रत देण्याऐवजी मल्टिकास्ट का वापरू नये, असा प्रश्न येतो. परेडवर कमांडर ‘सावधान’ एकदाच म्हणतो आणि सगळे ऐकतात. प्रत्येकाच्या कानात जाऊन सांगत नाही. मल्टिकास्टही तसेच आहे. मात्र कोणत्या तारेवर ऐकणारे आहेत, हे स्विचला ओळखता आले पाहिजे, नाहीतर तो सगळीकडेच ओततो. वाय-फायवर तर हा प्रवाह सहसा मंद गतीने जातो आणि हरवलेला तुकडा पुन्हा पाठवला जात नाही.

पालकांसाठीही एक गोष्ट. वाय-फाय हे वायरलेस सेटसारखे आहे. एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे. लांब बसलेला, क्षीण संकेताचा मोबाइल तेवढेच बोलायला जास्त वेळ घेतो आणि इतरांना थांबावे लागते. म्हणून महत्त्वाचे पडदे नेहमी तारेने जोडावेत.

ज्युनियर्सना सांगणे एवढेच: कितव्या पडद्याला चित्र अडले, तो आकडा आधी वहीत लिहा आणि त्याला पाचाने गुणा. पक्कड त्यानंतर हातात घ्या.