आठ पट्ट्यांचा महिना

पहाटे ४.५०. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत नळाला पाणी आलंय. मावशींचे दोन हंडे भरले, तिसरा लावलाय. वय ५४, वजन ४७ किलो. शुगर निघाली त्याला अकरा वर्षं झाली, सुई चालू होऊन चार. "शुगर जाड्या माणसांना होते म्हणतात. मग मला कुठून झाली?" हा त्यांचा जुना प्रश्न. त्याच्या उत्तराचा एक तुकडा याच शहरात सापडलाय. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांची आणि पुढे त्यांच्या बाळांची मोजमापं घेतली. बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी भरली. पण अंगातली चरबी त्या मानाने कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. मावशींना हे सांगितलं. "म्हणजे आईच्या पोटातूनच आणलीय की," म्हणाल्या आणि हंडा उचलला.

५.३०. पायी निघायचं. सदाशिव पेठेत पोचायला अर्धा तास लागतो. बसचे पैसे वाचतात आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलेलंच आहे. पिशवीत मीटर, पट्ट्यांची डबी, छत्री आणि कागदात बांधलेली खडीसाखर. जिला साखर वर्ज्य, तिच्याच पिशवीत साखर कायम. का, ते पुढे दिसेल.

६.०५. पोळी-भाजी केंद्र. दहा बाय चौदाची खोली, मागे मोरी, पुढे काउंटर. गिऱ्हाईक बहुतेक स्पर्धा परीक्षांची पोरं. चौघी कामाला: मावशी, साठीच्या आक्का, चाळिशीतल्या वहिनी आणि वरकामाची पोरगी, बावीस वर्षांची. पहिल्या तिघींना शुगर. पोरगीला नाही, पण सगळ्यांच्या आकड्यांची वही तिच्याकडे.

आज मावशींची उपाशीपोटी बघायची पाळी. आधी साबणाने हात. तवा हाताळून बोटांची टोकं राठ झालीत, तिथे टोचलं तर रक्तच येत नाही. म्हणून बोटाच्या कडेला टोचायचं. बोट मुळापासून पुढे दाबत आणायचं. थेंब पट्टीला टेकवायचा. पाच सेकंद. १४२. पोरगी लिहून घेते.

साबणाचा नियम अनुभवातून आलाय. मागच्या संक्रांतीला गुळाच्या पोळ्यांची ऑर्डर होती. आक्कांनी हात पदराला पुसून बोट टोचलं. ३९० आले. आक्का मटकन खालीच बसल्या. पोरगीने त्यांना मोरीवर नेलं, हात धुवायला लावले, पुन्हा टोचलं. १६४. गूळ रक्तात नव्हता, बोटावर होता. एक पट्टी फुकट गेली. अठरा रुपये.

मग सुई. इन्शुलिनची बाटली फ्रिजच्या दारात, लसणाच्या चटणीच्या डब्याशेजारी. तो एक कप्पा मालकीण ताईंनी या तिघींना दिलाय. बाटली तळहातांमध्ये हळू घोळवायची, गदागदा हलवायची नाही. लाल टोपीची सिरिंज. वीस युनिट. काल पोटाच्या डाव्या बाजूला, आज उजव्या. सिरिंजच्या पाकिटावर लिहिलंय, एकदाच वापरा. मावशी तीनदा वापरतात. डॉक्टर रागावतात. एक सिरिंज दहा रुपयांना पडते आणि दिवसाला सुया दोन.

सुई घरूनच घेऊन का निघत नाहीत? सुईनंतर अर्ध्या तासाने पोटात अन्न गेलंच पाहिजे. रस्त्यात पाऊस लागला, पाय मुरगळला, तर सुई वाट बघत नाही.

६.४०. नाश्ता. एक पोळी, मेथीची भाजी. उभ्यानेच.

७.००. कणीक. आज तेरा किलो पीठ. किलोला तीस-एकतीस घडीच्या पोळ्या निघतात, म्हणजे दुपारपर्यंत चारशे. परातीत मुठी वळवून कणीक तिंबायची, तेलाचा हात लावून ओल्या फडक्याखाली ठेवायची. मावशी आणि वहिनी लाटतात, आक्का भाजतात. लाटणं पोळपाटावर फिरतं तेव्हा पोळी आपोआप गोल सरकते, हाताने फिरवावी लागत नाही. पोरगीला हे अजून जमत नाही. काउंटरवर पोळी बारा रुपयांना. मावशींना महिन्याला बारा हजार.

तिघींच्या पायांत रबरी चपला आहेत. स्वयंपाकघरात चप्पल म्हणजे आक्कांना आधी अब्रह्मण्यम वाटलं होतं. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या पावलाला गरम झाकण टेकलं. चटका कळलाच नाही. संध्याकाळी मोरीत पाय धुताना फोड फुटलेला हाताला लागला. बरं व्हायला सव्वा महिना, त्यातले बावीस दिवस बिनपगारी. तेव्हापासून चपला आल्या. आणि शनिवारी काम संपलं की तिघी पिंपावर पाय टेकवून एकमेकींचे तळवे बघतात. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा. आपला तळवा आपल्याला कुठे दिसतो?

९.१५. चहा. पातेलं एकच, बिनसाखरेचं. साखर वाटीत वेगळी, ज्याला हवी त्याने घ्यावी. पोरगी दोन चमचे घेते आणि तिघी तिच्या कपाकडे बघत नाहीत.

१०.४०. वहिनींचं लाटणं थांबलं. आज संकष्टी. त्यांनी सकाळी शुगरची गोळी घेतली आणि खाल्लं काहीच नाही. भट्टीसमोर घाम सगळ्यांनाच येतो, पण मावशींनी हात बघितला. थरथरत होता. "काय गं, डोळ्यांपुढे काळं येतंय का?" वहिनी म्हणाल्या, "काही नाही, उकडतंय." शब्द जडजड निघत होते. मावशींनी त्यांना स्टुलावर बसवलं, हात पुसला, कडेला टोचलं. ५८.

कुणी आरडाओरडा केला नाही. सत्तरच्या खाली आलं की काय करायचं ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पोरगीने लिहून ठेवलंय. तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात ढवळली, वहिनींना पाजली. माणूस शुद्धीवर असेल तरच पाजायचं, नाहीतर ठसका लागतो, हेही तिथे लिहिलंय. मग घड्याळ. पंधरा मिनिटं. तेवढ्यात तव्यावरच्या दोन पोळ्या करपल्या. आक्कांनी त्या न बोलता बाजूला टाकल्या.

पंधरा मिनिटांनी ८६. आता खायला हवं, नाहीतर पुन्हा उतरेल. वहिनी म्हणाल्या, "उपास आहे माझा." मावशींनी पोळीवर उसळ घातली. "बाप्पाला मी सांगते. तू खा." वहिनींनी दोन घास खाल्ले, डोळे पुसले, उरलेलं संपवलं. साबुदाण्याची खिचडी का नाही करून दिली, असं मी विचारलं. पोरगीने वही उघडून दाखवली. मागच्या चतुर्थीला खिचडी खाल्ल्यावर दोन तासांनी २८७.

वहीच्या शेवटच्या पानावर तिने एक ओळ लिहिली: 'उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं?' त्या पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न असतात. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून नंबर लागायला तीन तास, आत तीन मिनिटं. तेवढ्यात आठवत नाही, म्हणून लिहून न्यायचे.

१२.१०. गर्दी. काउंटरबाहेर बारा-पंधरा पोरं, पाठीला सॅक. तीन पोळ्या मटकी. दोन पोळ्या बटाटा. त्यात एक लातूरकडचा मुलगा, वय तेवीस. त्याला नवव्या वर्षापासून इन्शुलिन आहे. त्याचं स्वादुपिंड इन्शुलिन बनवतच नाही. तो खाण्याप्रमाणे डोस ठरवतो, म्हणून पोळी एकसारखी लागते. मावशी त्याच्या तीन पोळ्यांचे गोळे काट्यावर तोलून वेगळ्या तव्यावर टाकतात. पीठ तीस ग्रॅम, कर्बोदकं वीसच्या आसपास, असा हिशोब त्यानेच मांडून दिला.

बोटाच्या कडेला टोचायचं हे त्याच्याकडून शिकलेलं. एकदा तो पेन खोलीवर विसरला. मावशी फ्रिजकडे निघाल्या तर त्याने थांबवलं. त्याचं औषध वेगळं, लगेच काम करणारं, आणि पेनमध्ये मिलिलिटरला शंभर युनिट. मावशींच्या बाटलीत चाळीस. लाल टोपीची सिरिंज चाळीसच्या बाटलीसाठीच. अदलाबदल जिवावर बेतू शकते. तो खोलीवर पळत गेला. मावशींनी त्याचं ताट झाकून ठेवलं.

२.००. जेवण. तिघी आधी काकडीची कोशिंबीर संपवतात, मग उसळ, मग अर्धी-पाऊण ज्वारीची भाकरी. चारशे पोळ्या लाटून स्वतःला भाकरी लागते. भात दोन घास, तोही आक्कांना, सोडवत नाही म्हणून. वहिनींना पुन्हा टोचायचं की नाही यावर चर्चा झाली. नको ठरलं. चेहरा बरा दिसतोय.

३.४५. वस्ती. आज पाच तारीख, पट्ट्यांची भिशी. मावशींच्या ओट्यावर सहा बाया जमल्या. आक्का, वहिनी, दोघी धुणंभांडी करणाऱ्या आणि एक कचरावेचक. प्रत्येकी दीडशे, नऊशे झाले. पन्नास पट्ट्यांची डबी नऊशेला. वाटणीला आठ-आठ येतात, उरतात दोन. त्या दोन कुणाच्याच नाहीत, चक्कर येईल तिच्या. या महिन्याच्या दोन्ही आजच संपल्या, पाच तारखेलाच. पुढचे पंचवीस दिवस कुणाला चक्कर आली तर मावशी आपल्यातली देणार. तसं त्या म्हणाल्या नाहीत, पण वहीत लिहून घेतलं.

मीटर सगळ्यांचं एक, टोचायची सुई मात्र जिची तिची. एकीची सुई दुसरीला लावायची नाही, रक्तातून रोग जातात. सुयांच्या डब्या ओळखायला टिकल्या चिकटवल्यात. मावशींची मरून.

वापरलेल्या सुया फिनेलच्या रिकाम्या जाड बाटलीत जातात. हा नियम कचरावेचक बाईंचा. त्यांनी भिशीत येतानाच सांगितलं होतं, "सुई पिशवीत दिसली तर मी उठून जाईन." सोळा वर्षं त्या घरोघरचा कचरा वेगळा करतायत. उजव्या तळहातावर टोचल्याची खूण दाखवतात. कुणाची सुई होती ते कधीच कळलं नाही. सहा महिने तपासण्यांसाठी हेलपाटे मारले. बाटली भरली की त्याच ती दवाखान्यात देऊन येतात.

५.०० ते ७.००. एका घरी वीस पोळ्या आणि भाजी. महिन्याला अडीच हजार.

७.३०. घर. दुसरी बाटली इथे. घरी फ्रिज नाही. मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत लहान गाडगं, गाडग्यात प्लास्टिकच्या डबीत बाटली. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपायचं. उन्हाळ्यातही आत हात घातला की गार लागतं. खोक्यावर बाटली उघडल्याची तारीख पेनाने लिहिलीय. उघडल्यापासून अठ्ठावीस दिवस, त्यापुढे वापरायची नाही. रात्रीचे बारा युनिट. अठ्ठावीस दिवसांचे होतात ३३६. बाटलीत असतात चारशे. म्हणजे दरवेळी चौसष्ट युनिट शिल्लक, पाच दिवसांचं औषध. बाटली दवाखान्यात फुकट मिळते, असली तर. नसली की दुकानात दीडशेच्या पुढे. उरलेलं टाकून देणं मावशींच्या जिवावर येतं. आज एकोणतिसावा दिवस. त्यांनी बाटली उजेडात धरली, थोडा वेळ बघितली आणि नवी उघडली.

८.०५. जेवण. भाकरी, दोडका, ताक.

९.२०. वहिनींचा फोन. चंद्र उगवला, आरती झाली, मोदकाचा फक्त अर्धा खाल्ला. "अर्धा खरं ना?" "खरं." आणि जाऊबाईची कालच तपासणी झाली, रिकाम्या पोटी २१० निघाली, तिला भिशीत यायचंय. मावशी म्हणाल्या, घेऊन ये. फोन ठेवून त्यांनी बोटांवर हिशोब केला. पुढच्या महिन्यापासून सात जणी. प्रत्येकी एकशेतीस पुरतील, वीस रुपये वाचतील. पट्ट्या मात्र सातच येतील आणि चक्करसाठी उरेल एक.