सामाईक आज्ञा-इतिहास

टर्मिनलात (संगणकाला लेखी हुकूम देण्याच्या खिडकीत) दिलेल्या हुकमांची जी क्रमवार नोंद बॅश हा १९८९ सालचा आज्ञावाचक ठेवतो, ती एकाच फाइलीत जात असल्यामुळे सर्व खिडक्यांत तत्काळ दिसत असावी, हा समज स्वाभाविक असला तरी वस्तुस्थिती निराळी आहे. रायगडाच्या पायथ्याच्या पाचाड गावी ग्रामपंचायतीचे दोन कारकून घरपट्टीची वसुली आपापल्या कच्च्या कागदावर टिपून कचेरी बंद होतानाच रोजकीर्दीत चढवतात अशी कल्पना केली, तर एकाची दुपारची नोंद दुसऱ्यास का दिसत नाही, हे उमगते. प्रत्येक खिडकीही आपली नोंद स्मृतीत बाळगते आणि मिटताना फाइलीत उतरवते. मध्येच वीज गेली, की ती नोंद लयास जाते.

बॅशमधील ‘हिस्टअपेंड’ हा पर्याय योजल्याने नोंद सर्व खिडक्यांत सामाईक होते, असे पुष्कळ जाणकारही मानतात. परंतु तो केवळ जुना मजकूर न पुसता नवा त्याखाली जोडतो. सामाईक नोंद हवी असल्यास प्रत्येक हुकमानंतर ‘हिस्टरी -ए’ने आपली नोंद चढवावी व ‘हिस्टरी -एन’ने इतरांची वाचून घ्यावी. झेडशेल या दुसऱ्या आज्ञावाचकात ‘शेअर हिस्टरी’ हा एकच पर्याय दोन्ही कामे करतो. मात्र मग वरच्या बाणाच्या कळीने दुसऱ्या खिडकीतला, कदाचित फाइली नष्ट करणारा, हुकूमही पुढ्यात येऊ शकतो. तो वाचल्यावाचून एंटर दाबू नये.