राणी बेरुथिएलची मांजरं

मोरियाच्या खाणीत मिट्ट काळोख आहे आणि वाट दाखवणारा मांत्रिक गँडाल्फ स्वतःच चाचपडतो आहे. सोबत्यांना धीर देताना अ‍ॅरागॉर्न म्हणतो, की काळोख्या रात्री घरची वाट शोधण्यात हा माणूस राणी बेरुथिएलच्या मांजरांपेक्षाही पक्का आहे. एवढं बोलून होतं आणि मंडळी पुढे निघतात. ही राणी कोण, तिची मांजरं कसली, हे कुणी विचारत नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या कथेत ती मांजरं पुन्हा येतही नाहीत.

तरी त्या एका वाक्याने खाण खरी वाटू लागते. ज्याच्या तोंडी असा दाखला सहज येतो, तो माणूस कुठेतरी लहानाचा मोठा झालेला असणार, त्याला कुणीतरी गोष्टी सांगितल्या असणार. आपण एखाद्याला शकुनीमामा म्हणतो तेव्हा द्यूताची हकीकत सांगत बसत नाही. मराठी लेखकाला ही पुंजी आयती मिळते. रणजित देसाई किंवा शिवाजी सावंत कर्णावर कादंबरी लिहायला बसले तेव्हा कवचकुंडलं म्हणजे काय हे वाचकाला आधीच ठाऊक होतं. जे. आर. आर. टॉल्किन यांची तक्रार अशी, की इंग्लंडजवळ स्वतःची म्हणावी अशी पुराणंच नाहीत. आर्थर राजाच्या कथांवर त्यांचं समाधान नव्हतं. तेव्हा त्यांनी पुराणं रचायला घेतली.

सुरुवात पहिल्या महायुद्धात झाली. 1916 मध्ये सोमच्या आघाडीवरून ताप घेऊन ते इंग्लंडला परतले आणि त्या आजारपणाच्या काळात गोंडोलिन या गुप्त नगरीच्या पाडावाची कथा त्यांनी लिहिली. पुढच्या वीस वर्षांत, आधी लीड्समध्ये आणि मग ऑक्सफर्डमध्ये जुनी इंग्रजी शिकवता शिकवता, एल्फ लोकांच्या भाषा, त्यांची व्याकरणं, वंशावळी, लढाया असा खासगी पसारा वाढतच गेला. तो छापण्याची घाई कुणालाच नव्हती.

मग पोरांसाठी लिहिलेलं 'द हॉबिट' 1937 मध्ये आलं. त्यात ट्रोलांच्या गुहेत दोन जुन्या तलवारी सापडतात आणि जाणकार एलरॉण्ड त्या पाहून सांगतो, की या गोंडोलिनमध्ये घडवलेल्या. बालवाचकाला गोंडोलिन कुठलं माहीत असणार? पण तलवारींना एकदम वजन येतं. पुस्तक खपलं, प्रकाशकाने पुढचा भाग मागितला, तेव्हा टॉल्किननी आपला पुराणांचा गठ्ठाच पाठवून दिला. तो सौजन्याने परत आला. प्रकाशकाचं चुकलं असं मला वाटत नाही. त्या नगरीचा एवढा मोठा इतिहास तेव्हा कुणालाच नको होता, तलवारीवरचा तिचा शिक्का मात्र हवासा वाटला होता.

ही पार्श्वकथा लेखकाला आणखी एका कामी येते, आणि ते वाचकाला सहसा दिसत नाही. 'हॉबिट'च्या पहिल्या आवृत्तीत अंगठी बाळगून असलेला गोलम नायक बिल्बोशी लावलेली कोड्यांची पैज हरतो, बक्षीस म्हणून कबूल केलेली अंगठी द्यायला निघतो, ती सापडत नाही म्हणून माफी मागतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. अंगठी ही केवळ अदृश्य होण्याची युक्ती होती, तोवर यात काही बिघडत नव्हतं. पुढच्या ग्रंथात, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये, तीच अंगठी माणसाला आतून पोखरणारी सत्ता ठरली. असा गोलम ती सुखासुखी देईल कसा? टॉल्किननी ते प्रकरण नव्याने लिहिलं आणि 1951 च्या आवृत्तीत ते आलं. बाजारात गेलेल्या जुन्या प्रतींचं काय? तर त्यांच्या जगात असं ठरलं, की जुनी हकीकत म्हणजे बिल्बोने मारलेली थाप. अंगठीवरचा आपला हक्क रास्त दिसावा म्हणून तो खोटं बोलला, आणि अंगठीची बाधा त्याला तेव्हाच झाली होती याचा तो पहिला पुरावा. कथेतली विसंगती इतक्या बेरकीपणाने पचवलेली मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

हेच टॉल्किन 1944 मध्ये, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिताना, चंद्रापायी अडकले होते. वेगवेगळ्या वाटांनी निघालेल्या पात्रांना दिसणाऱ्या चंद्राच्या कला जुळत नव्हत्या, म्हणून त्यांनी झालेला मजकूर पुन्हा दुरुस्त केला. किती वाचकांनी तिथी मोजल्या असत्या? मोजणारे निघाले, हे खरं. पण बाकीच्यांनाही आपण भरवशाच्या माणसाच्या हाती आहोत असं वाटतं, ते अशाच कष्टांमुळे.

या खटाटोपाचे विरोधकही आहेत. इंग्रज लेखक एम. जॉन हॅरिसन यांनी 2007 मध्ये अशा विश्वरचनेवर सडकून टीका केली. सगळं आधीच मोजून-मापून ठेवलं की वाचकाच्या कल्पनेला जागा उरत नाही, असा त्यांचा रोख. पहिल्या पन्नास पानांत सात राजघराणी आणि तीन पंचांगं समजावणाऱ्या कादंबऱ्या वाचताना हॅरिसन यांचं म्हणणं पटतं. पण टॉल्किनही पत्रांतून जवळपास हेच सांगत होते: दूरवर दिसणाऱ्या प्रदेशाची ओढ तिथे जाऊन पोहोचलं की संपते, मग त्याच्याही पलीकडचं काही दाखवावं लागतं.

1977 च्या 'स्टार वॉर्स'मध्ये म्हाताऱ्या ओबी-वानच्या संदर्भात क्लोन युद्धांचा ओझरता उल्लेख येतो. पाव शतक चाहत्यांनी ती युद्धं मनातल्या मनात लढली. 2002 मध्ये ती पडद्यावर सुरू झाली, आणि मनातली सरस होती असं म्हणणारे आजही पुष्कळ भेटतात. 'डार्क सोल्स' या खेळाचे जपानी कर्ते हिदेताका मियाझाकी यांनी ही दूरची ओढ वेगळ्याच वाटेने टिकवली. लहानपणी ते इंग्रजी अद्भुतकथा वाचत, सगळं समजत नसे, आणि मधल्या गाळलेल्या जागा ते स्वतःच्या कल्पनेने भरत. त्यांच्या खेळातही इतिहास कुणी सलग सांगत नाही. एखाद्या गंजक्या अंगठीच्या वर्णनात दोन ओळी सापडतात, कुठल्याशा चिलखतावर आणखी एक, आणि खेळणारे त्यांची सांगड घालत रात्री जागवतात. पुढे 'एल्डन रिंग'साठी त्यांनी जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्याकडून प्राचीन इतिहास लिहून घेतला आणि खेळाडूला सोडलं ते त्याच्या भग्नावशेषांत.

मांजरांबद्दल आपल्याला अजून काहीच कळलेलं नाही, असं टॉल्किननी 1955 मध्ये कवी ऑडन यांना कळवलं होतं. पुढे त्यांनी ते शोधून काढलं. बेरुथिएल ही गोंडोरच्या एका राजाची नावडती राणी. नऊ काळी मांजरं आणि एक पांढरं पाळून ती लोकांची गुपितं काढायची. शेवटी राजाने तिला मांजरांसकट गलबतात घालून समुद्रात सोडलं. टॉल्किन यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या संकलनात, 1980 मध्ये, ही माहिती एका टिपेत आली. गोष्ट छान आहे, पण माझ्या मनात मोरियातली मांजरंच जास्त रेंगाळतात.

आता तर असा पसारा विकतही घेतला जातो. 2022 मध्ये आलेल्या 'द रिंग्ज ऑफ पॉवर' या मालिकेला 'हॉबिट' आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' यांचे हक्क होते, 'सिल्मरिलियन'चे, म्हणजे त्या पुराणांच्या गठ्ठ्याचे, नव्हते. म्हणून मालिकेचा सांगाडा उभा राहिला तो मुख्यतः 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टांवर, म्हणजे पुष्कळ वाचक जी पानं उलटतही नाहीत त्यांवर. मालिकेत आकाशातून पडलेला अनोळखी माणूस दुसऱ्या भागमालेत गँडाल्फ निघाला, आणि चाहते खवळले. गँडाल्फसारखे मांत्रिक मध्यभूमीत, म्हणजे टॉल्किन यांच्या या जगात, तिसऱ्या युगाच्या साधारण 1000 व्या वर्षी आले, आणि मालिका चालू आहे दुसऱ्या युगात. त्याच परिशिष्टांत तसं छापलेलं आहे.