आधी तक्रार, मग दुबार पेरणी

जून लागला की वरोऱ्यातल्या कृषी केंद्रांपुढे कापूस-सोयाबीनच्या बियाण्यासाठी गर्दी होते. पेरणी होते, पाऊसही पडतो, पण एखाद्या वावरात तास काही दिसत नाहीत. शेतकरी दुकानदाराशी दोन शब्द बोलतो, उसनवारी करून दुसरी पिशवी आणतो आणि गप्प बसतो. "तक्रार करून का भेटते?" असं म्हणून विषय मिटतो. इकडे तोच लॉट पुढच्या गावात विकला जात राहतो, ही गोष्ट मला सर्वात जास्त सलते.

सर्वात महागात पडणारा गैरसमज म्हणजे, आधी दुबार पेरणी उरकू, तक्रारीचं मागून बघू. वावर एकदा मोडलं की पाहणीला येणाऱ्यांना दाखवायला काहीच उरत नाही. उगवण कमी दिसताच तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीत कृषी अधिकाऱ्यांसोबत कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञही असतात. ते वावरात येऊन रोपं मोजतात, ओल आणि पेरणीची खोली तपासतात आणि पंचनामा करतात. दोष बियाण्याचा, की पुरेशा ओलीआधीच झालेल्या पेरणीचा, हे तिथेच ठरतं. सोयाबीनची उगवणशक्ती किमान 70 टक्के असावी, असं प्रमाण आहे. पंचनाम्याची प्रत मागून घ्या. पुढचं सगळं त्या कागदावर उभं राहतं.

पावतीशिवाय माल स्वस्त पडतो, असंही सांगितलं जातं. बियाणे नियंत्रण आदेश, 1983 प्रमाणे विक्रेत्याने पावती द्यायलाच हवी. पावतीवर लॉट नंबर लिहून घ्या आणि तो पिशवीच्या टॅगशी ताडून पाहा. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो, तर सत्यप्रत बियाण्याचा फिकट हिरवा. पिशवी खालच्या बाजूने फोडली तर शिलाई आणि टॅग शाबूत राहतात.

बियाणं राखून ठेवलं नाही म्हणून दावा बुडाला, असं समजू नका. राष्ट्रीय बियाणे महामंडळाविरुद्ध आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितलं की, शेतकरी आणलेलं सगळं बियाणं पेरतो. तपासणीसाठी त्यातलं राखून ठेवावं, अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. शेतकरी हा ग्राहकच आहे, हेही त्याच निकालात स्पष्ट झालं. तरी मूठभर बियाणं ठेवलेलं बरं.

'चोरबीटी'ची गोष्ट वेगळी. तणनाशक सहन करणाऱ्या या कापसाला देशात लागवडीची मंजुरी नाही. त्यामुळे पावती नाही, खरा टॅग नाही आणि फसल्यावर कंपनीही सापडत नाही. हे बियाणं स्वतः विकत घेतलं नसलं तरी विक्रीची खबर कृषी विभागाच्या भरारी पथकाला कुणीही देऊ शकतो. बियाणे निरीक्षकाला नमुने घेण्याचा आणि संशयित साठ्याची विक्री थांबवण्याचा अधिकार आहे. पण कोणत्या गावात काय विकलं जातंय, हे त्याला गावातूनच कळणार.

एकट्याच्या अर्जाने काय होतं, असं विचारणाऱ्यांनी 2020 चा खरीप आठवावा. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि कंपन्यांवर गुन्हे नोंदवण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. तो ढीग एकेका शेतकऱ्याच्या अर्जाचाच होता.

भरपाईसाठी चंद्रपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. त्यासाठी वकील लागतोच असं नाही. मोबदला म्हणून दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. मुदत 2 वर्षांची आहे. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतूनही विचारता येतं. फोन करताना पावती, टॅग आणि पंचनामा हाताशी ठेवा.